यंत्राचा थकवा ओळखणारे जगदीशचंद्र

बेडकाच्या पायाच्या स्नायूला विजेचे झटके एकामागून एक देत राहिले, तर सुरुवातीला तो जोमाने आखडतो. मग हळूहळू आखडणे कमी होत जाते आणि शेवटी तो हलेनासा होतो. थोडी विश्रांती दिली की पुन्हा आखडू लागतो. वैद्यकाच्या पहिल्या वर्षाला असलेल्या विद्यार्थ्यांच्या कित्येक पिढ्यांनी हा थकव्याचा आलेख प्रयोगशाळेत काढला आहे. स्नायू जिवंत आहे, म्हणून तो थकतो, यात कोणाला नवल वाटत नाही. पण धातूचा तुकडा थकतो का? विश्रांती दिली की त्याला हुशारी येते का?

१८९९ च्या सुमारास कलकत्त्याच्या प्रेसिडेन्सी कॉलेजातल्या एका प्राध्यापकाला हा प्रश्न पडला. बिनतारी लहरी टिपण्यासाठी त्यांनी बनवलेले यंत्र सतत वापरले की मंद होत होते आणि काही वेळ तसेच ठेवले की पुन्हा नीट चालत होते. दुसऱ्या कोणी ते मोडीत काढून नवे बनवले असते. या प्राध्यापकांनी मात्र त्या मंदपणाचाच आलेख काढायला घेतला. त्यातून त्यांच्या आयुष्याची दिशा बदलली. त्यांचे नाव जगदीशचंद्र बोस.

आज शेतातला ओलावा, पुलाच्या खांबातले कंप, लस साठवलेल्या फ्रीजचे तापमान अशा असंख्य गोष्टी लहान बिनतारी सेन्सर टिपत असतात. टिपणारे यंत्र आणि बिनतारी लहर या दोन्ही विषयांवर सव्वाशे वर्षांपूर्वी मूलभूत काम करणाऱ्या या माणसाची गोष्ट सुरू होते ती मात्र एका तापापासून.

तापाने बदललेली वाट

जगदीशचंद्रांचा जन्म ३० नोव्हेंबर १८५८ रोजी आजच्या बांगलादेशातल्या मैमनसिंगचा. घराणे मूळचे ढाक्याजवळच्या बिक्रमपूर भागातले. वडील भगवानचंद्र ब्राह्मो समाजाचे अनुयायी आणि सरकारी नोकरीत डेप्युटी मॅजिस्ट्रेट. त्या हुद्द्यावरची माणसे मुलांना इंग्रजी शाळेत घालत. भगवानचंद्रांनी मुलाला फरीदपूरच्या बंगाली शाळेत घातले. वर्गात त्याच्या एका बाजूला वडिलांच्या मुसलमान चपराशाचा मुलगा बसे आणि दुसऱ्या बाजूला कोळ्याचा. पाण्यातले जीव, पक्षी आणि झाडे यांच्या गोष्टी त्याने या दोस्तांकडून ऐकल्या. त्याला शाळेत पोचवायचे काम एका जुन्या दरोडेखोराकडे होते. भगवानचंद्रांनीच त्याला पूर्वी शिक्षा केली होती आणि सुटून आल्यावर घरी कामाला ठेवले होते.

पुढे कलकत्त्याच्या सेंट झेवियर्स कॉलेजात फादर लाफाँ यांनी या मुलाला भौतिकशास्त्राची गोडी लावली. हे बेल्जियन धर्मगुरू वर्गात प्रयोग करून दाखवत आणि मगच नियम सांगत. पदवीनंतर तरुण जगदीशचंद्रांना इंग्लंडला जाऊन सनदी परीक्षा द्यायची होती. स्वतः प्रशासनात आयुष्य घालवलेल्या वडिलांना ते नको होते. चहाचे मळे आणि इतर उद्योग यांत वडिलांचे पैसे बुडाले होते, डोक्यावर कर्ज होते. अखेर डॉक्टर व्हायचे ठरले आणि १८८० मध्ये जगदीशचंद्र लंडनला निघाले.

निघण्यापूर्वी ते शिकारीसाठी आसामात गेले होते आणि तिथून ताप घेऊन आले होते. तो काळा आजार असावा, असे मानले जाते. त्या वेळी या रोगाचे कारण कोणालाच ठाऊक नव्हते. वाळूमाशीतून पसरणारा त्याचा परोपजीवी सूक्ष्मदर्शकाखाली ओळखला गेला तो १९०३ मध्ये. त्यावरचे परिणामकारक औषध, युरिया स्टिबामाइन, उपेंद्रनाथ ब्रह्मचारी यांनी १९२० च्या दशकात कलकत्त्यातच तयार केले. १८८० मध्ये मात्र रोग्याने ताप अंगावर काढायचा, एवढेच हाती होते.

जहाजावर ताप आला, लंडनमध्येही येत राहिला. शवविच्छेदनाच्या खोलीतल्या वासाने तर प्रकृती आणखीच ढासळायची. वर्षभरात प्राध्यापकांनी त्यांना वैद्यक सोडायचा सल्ला दिला. ते केंब्रिजच्या क्राइस्ट्स कॉलेजात गेले आणि निसर्गविज्ञानाचा अभ्यास करू लागले. तिथे त्यांना भौतिकशास्त्र शिकवायला लॉर्ड रॅले होते, शरीरक्रियाशास्त्र शिकवायला मायकेल फॉस्टर आणि वनस्पतीशास्त्र शिकवायला सिडनी व्हाइन्स. डॉक्टरकी सुटली, पण भौतिकशास्त्राबरोबर स्नायू, नस आणि झाड हे विषयही त्यांच्या मनात रुजले. पुढच्या साऱ्या कामाचे बी तिथे पडले.

पगाराविना तीन वर्षे

१८८५ मध्ये ते कलकत्त्याला परतले आणि प्रेसिडेन्सी कॉलेजात भौतिकशास्त्राचे हंगामी प्राध्यापक झाले. भारतीय माणूस विज्ञान शिकवू शकेल का, अशी शंका शिक्षण खात्यातल्या गोऱ्या अधिकाऱ्यांना उघड उघड होती. भारतीय प्राध्यापकाला गोऱ्या प्राध्यापकाच्या दोन तृतीयांश पगार मिळे. नेमणूक हंगामी असल्याने जगदीशचंद्रांच्या वाट्याला त्याच्याही निम्मा, म्हणजे एक तृतीयांश आला.

त्यांनी नोकरी सोडली नाही. काम चोख केले आणि पगार घेतला नाही. असे तीन वर्षे चालले. घरी कर्ज असलेल्या माणसाने तीन वर्षे पगाराला हात न लावणे म्हणजे काय, याची कल्पना करता येते. अखेर खात्याला त्यांची योग्यता मान्य करावी लागली. कायम नेमणूक आणि मागचा सारा पगार एकरकमी मिळाला, तो वडिलांचे कर्ज फेडण्यात गेला.

याच काळात, १८८७ मध्ये, त्यांचे अबला दास यांच्याशी लग्न झाले. अबलाबाईंना डॉक्टर व्हायचे होते. कलकत्त्याच्या मेडिकल कॉलेजात त्या वेळी मुलींना प्रवेश नव्हता, म्हणून त्या १८८२ मध्ये मद्रासला गेल्या. आपल्या आनंदीबाई जोशी १८८३ मध्ये याच कलकत्त्याच्या बंदरातून अमेरिकेला निघाल्या, हे लक्षात घेतले की त्या पिढीतल्या मुलींची वाट किती बिकट होती ते कळते. अबलाबाईंनी डॉक्टरचा व्यवसाय केला नाही. पण १९१९ मध्ये नारी शिक्षा समिती स्थापन करून त्यांनी पुढची वर्षे मुलींच्या शाळांसाठी वेचली. नवरा-बायको दोघेही वैद्यकाच्या उंबरठ्यावरून परतलेले, असा हा संसार होता.

भिंतीपलीकडची घंटा

जर्मन शास्त्रज्ञ हाइनरिश हर्ट्झ यांनी १८८७-८८ मध्ये विद्युतचुंबकीय लहरी प्रयोगाने सिद्ध केल्या. १८९४ च्या सुरुवातीला, वयाच्या अवघ्या छत्तिसाव्या वर्षी, ते वारले. त्यांच्या कामावर ऑलिव्हर लॉज यांनी दिलेले व्याख्यान छापून आले आणि जगदीशचंद्रांना विषय सापडला.

कॉलेजात संशोधनासाठी प्रयोगशाळा नव्हती. न्हाणीघराशेजारच्या एका चिंचोळ्या जागेत त्यांनी टेबल मांडले. एका स्थानिक पत्रे ठोकणाऱ्या कारागिराला हाताशी धरून उपकरणे घडवून घेतली. हर्ट्झ यांच्या लहरी लांब होत्या, त्यांच्यासाठी मोठमोठे आरसे आणि लोलक लागत. ते या जागेत मावणारे नव्हते. म्हणून जगदीशचंद्रांनी लहरच आखूड केली. सुमारे ५ मिलिमीटर लांबीपर्यंतच्या लहरी त्यांनी निर्माण केल्या. आता सारा प्रयोग एका टेबलावर मावू लागला.

त्यासाठी वापरलेली साधने पाहिली तर गंमत वाटते. लहरी गोळा करायला नरसाळ्यासारखा धातूचा कर्णा. लहरींच्या कंपनांची दिशा वळते का, हे पाहायला पीळ घातलेला ताग. लहरींचे ध्रुवीकरण दाखवायला रेल्वेचे जाडजूड वेळापत्रक, पानापानांत कथलाचा पातळ पत्रा घातलेले. पण या टेबलावर जे सिद्ध झाले ते पक्के होते. डोळ्यांना न दिसणाऱ्या या लहरी प्रकाशासारख्याच परावर्तित होतात, वाकतात आणि ध्रुवित होतात.

१८९५ मध्ये कलकत्त्याच्या टाउन हॉलमध्ये त्यांनी हे लोकांना दाखवले. एका खोलीतून निघालेली लहर मधल्या भिंती आणि समोर बसलेले बंगालचे नायब गव्हर्नर यांना पार करून सुमारे ७५ फुटांवरच्या खोलीत पोचली. तिने तिथली घंटा वाजवली आणि थोडी दारू उडवली. तार कुठेच नव्हती. १८९६ मध्ये लंडन विद्यापीठाने त्यांना डॉक्टर ऑफ सायन्स पदवी दिली. २९ जानेवारी १८९७ ला लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये त्यांचे शुक्रवारचे व्याख्यान झाले. फॅराडे आणि डेव्ही यांचा वारसा सांगणाऱ्या त्या संस्थेत हा मोठा मान होता.

या शोधातून पैसा मिळवणे त्यांना अवघड नव्हते. बिनतारी संदेशाच्या धंद्यातली एक कंपनी त्यांच्याशी करार करायला तयार होती. त्यांनी नकार दिला. ज्ञान विकायचे नाही, हा त्यांचा हट्ट होता. सारा बुल आणि भगिनी निवेदिता यांनी खूप आग्रह केला, तेव्हा कुठे अमेरिकेत एका पेटंटसाठी अर्ज गेला. गॅलिना या शिशाच्या खनिजाचा स्फटिक वापरून लहर टिपण्याची ती रीत होती. १९०४ मध्ये पेटंट मिळाले आणि त्यांनी त्याची मुदत तशीच संपू दिली. अर्धवाहक स्फटिकाने बिनतारी लहर टिपण्याचा हा अगदी सुरुवातीचा प्रयोग होता. ट्रान्झिस्टरच्या जनकांपैकी एक असलेल्या वॉल्टर ब्रॅटन यांनी पुढे अर्धवाहकांचा इतिहास लिहिताना बोस यांना हे श्रेय दिले.

मार्कोनी यांनी १९०१ मध्ये अटलांटिकपार संदेश टिपला, तेव्हा वापरलेले पारा-लोखंडाचे ग्राहक बोस यांनी १८९९ मध्ये वर्णन केलेल्या ग्राहकासारखेच होते, असे तंत्रज्ञानाच्या काही इतिहासकारांनी दाखवून दिले आहे. पण दूरवर संदेश पाठवण्याची व्यवहारी यंत्रणा मार्कोनींनी उभी केली, हेही तितकेच खरे. बोस यांना संदेशापेक्षा लहरीत आणि ती टिपणाऱ्या पदार्थात अधिक रस होता.

थकलेला कोहेरर

लहर टिपणाऱ्या त्या काळच्या साधनाला कोहेरर म्हणत. ते बनवणारे फ्रेंच शास्त्रज्ञ एदुआर ब्रानली हे वैद्यकाची पदवी असलेले भौतिकशास्त्रज्ञ होते. काचेच्या नळीत धातूचा कीस भरलेला असे. लहर आली की कीस एकमेकांना चिकटे, विजेला वाट मिळे आणि काटा हले. पण नंतर तो चिकटलेलाच राही. नळीला टिचकी मारून कीस मोकळा केल्याशिवाय पुढची लहर टिपता येत नसे.

बंगालच्या दमट हवेत हा कीस आणखीच बेभरवशाचा होता. जगदीशचंद्रांनी त्याऐवजी एकमेकींना हलकेच टेकणाऱ्या पोलादी स्प्रिंगांची रांग बसवली. त्यांच्यावरचा दाब स्क्रूने कमी-जास्त करता येई. मग वेगवेगळ्या धातूंवर प्रयोग करत ते अशा ग्राहकांच्या शोधात लागले, जे टिचकीशिवाय आपोआप मूळ पदावर येतील. माणूस जवळ नसताना काम करणाऱ्या कोणत्याही सेन्सरची ही पहिली गरज. प्रत्येक मोजणीनंतर टिचकी मारायला कोणी तरी हवे असेल, तर ते यंत्र रानात एकटे ठेवता येणार नाही.

हे काम करताना थकव्याची गोष्ट लक्षात आली. सतत लहरी टिपत राहिलेला ग्राहक मंदावतो आणि विश्रांतीनंतर सावरतो. या चढ-उताराचा आलेख काढला, तेव्हा केंब्रिजला शिकलेले शरीरक्रियाशास्त्र त्यांना आठवले असणार. कारण तो आलेख थकलेल्या स्नायूच्या आलेखासारखा दिसत होता.

मग त्यांनी कथिल, प्लॅटिनम अशा धातूंच्या तारांना पीळ किंवा ठोका देऊन त्यांत उमटणारा विजेचा प्रतिसाद मोजला. हाच प्रयोग झाडाच्या देठावर आणि प्राण्याच्या स्नायूवरही केला. सोडियम कार्बोनेट लावले की कथलाचा प्रतिसाद वाढे, पोटॅशियम ब्रोमाइड लावले की मंदावे आणि ऑक्झॅलिक आम्लाने तो मरून जाई. उत्तेजक, गुंगी आणणारे आणि विषारी, अशी औषधांची जी वर्गवारी डॉक्टर माणसासाठी करतात, ती धातूलाही लागू पडत होती. १९०० मध्ये पॅरिसच्या आंतरराष्ट्रीय भौतिकशास्त्र परिषदेत त्यांनी हे मांडले. १९०२ मध्ये सजीव आणि निर्जीवांच्या प्रतिसादांवर त्यांचे पुस्तक आले.

लंडनमधला विरोध

भौतिकशास्त्रात राहिले असते, तर त्यांची वाट सरळ होती. शरीरक्रियाशास्त्राच्या अंगणात पाऊल टाकताच अडथळे सुरू झाले. जून १९०१ मध्ये रॉयल सोसायटीपुढे त्यांनी प्रयोग मांडले, तेव्हा ऑक्सफर्डचे जॉन बर्डन सँडरसन यांनी आक्षेप घेतला. ते स्वतः डॉक्टर होते. कीटक पकडणाऱ्या वनस्पतीच्या पानात विजेचा स्पंद उमटतो, हे त्यांनीच १८७३ मध्ये दाखवले होते. साध्या झाडांत असा प्रतिसाद असतो, हे मात्र त्यांना मान्य नव्हते. शोधनिबंध छापला गेला नाही, दप्तरात पडून राहिला.

दुसरा विरोध ऑगस्टस वॉलर यांचा. आज दवाखान्यात छातीला तारा लावून जो ईसीजी काढतात, माणसाच्या हृदयाचा तसा पहिला आलेख १८८७ मध्ये काढणारे ते हेच वॉलर. आपल्या जिमी नावाच्या बुलडॉगचे पाय मिठाच्या पाण्यात ठेवून ते तो प्रयोग लोकांना दाखवत. झाडातल्या विद्युत प्रतिसादाचे श्रेय आपले, असा दावा त्यांनी केला. लंडनच्या लिनियन सोसायटीने चौकशी केली, बोस यांचे काम आधीचे असल्याचे मान्य केले आणि १९०२ मध्ये त्यांचा निबंध छापला.

परदेशात रजा वाढवायची, उपकरणे बनवायची, तर पैसा लागे. रवींद्रनाथ ठाकूर या मित्राने त्रिपुराच्या महाराजांकडून मदत मिळवून दिली. पुस्तकांच्या लेखनात आणि संपादनात निवेदितांनी हातभार लावला. एकट्याच्या बळावर हे झाले नाही, याची जाणीव जगदीशचंद्रांना कायम होती.

लाजाळूच्या आतली वाट

यानंतर ते झाडांकडे वळले ते कायमचेच. लाजाळूच्या पानाच्या टोकाला बोट लावले, तर देठाच्या बुडाशी असलेला सांधा थोड्या वेळाने खाली पडतो. म्हणजे टोकाला काही तरी टिपले गेले, ते कोणत्या तरी वाटेने प्रवास करत गेले आणि दुसऱ्या ठिकाणी हालचाल झाली. टिपणे, पोचवणे आणि कृती, ही साखळी माणसाच्या मज्जासंस्थेतही असते. लाजाळूत ती कशी चालते?

त्या वेळचे बहुतेक वनस्पतीशास्त्रज्ञ म्हणत की आतल्या पाण्याचा दाब बदलतो आणि तो धक्का पुढे सरकतो. बोस यांचे मत वेगळे होते. निरोप विजेच्या स्पंदाने जातो, असे ते मानत. हे सिद्ध करायला त्यांनी सेकंदाच्या हजाराव्या भागापर्यंत काळ मोजणारे, आपोआप नोंद करणारे यंत्र बनवले. नोंद यंत्रानेच करायची, म्हणजे बघणाऱ्याच्या मनातले आलेखात शिरत नाही, ही त्यामागची दक्षता होती. थंडीने निरोपाचा वेग कमी होतो, क्लोरोफॉर्मने तो अडतो, हे त्यांनी दाखवले. ज्या रॉयल सोसायटीने आधी निबंध अडवला होता, तिनेच १९१३ मध्ये लाजाळूवरचे त्यांचे काम छापले.

दुसरी वनस्पती होती टेलिग्राफ प्लांट. तिची दोन चिमुकली पर्णे आपोआप वर-खाली होत राहतात. जुन्या काळी मनोऱ्यावरून खुणांनी संदेश देत, तशी ती दिसतात, म्हणून हे नाव. बोस यांनी त्या पर्णांच्या ठोक्यांची तुलना हृदयाच्या ठोक्यांशी केली.

झाडाची वाढ हजारो पटींनी मोठी करून दाखवणारा क्रेस्कोग्राफ हे त्यांचे सर्वांत गाजलेले यंत्र. १९२० मध्ये वॉलर यांनी त्यावर पुन्हा शंका घेतली आणि वाद लंडनच्या वर्तमानपत्रात गेला. बोस यांनी लंडन विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत नामवंत शास्त्रज्ञांसमोर यंत्र चालवून दाखवले. यंत्र खरे मोजते, अशी ग्वाही त्यांनी जाहीरपणे दिली. त्याच वर्षी बोस रॉयल सोसायटीचे फेलो झाले.

त्यांचे सारेच म्हणणे काळाच्या कसोटीला उतरले असे नाही. धातू आणि सजीव यांतले साम्य त्यांनी फार पुढे ताणले. धातूतल्या बदलांची कारणे त्याच्या पृष्ठभागाच्या रसायनात आणि स्फटिकरचनेत असतात, ती स्नायूतल्या कारणांहून अगदी वेगळी आहेत. झाडाला माणसासारखे सुखदुःख असते, असा जो समज त्यांच्या नावावर पसरला, त्याला त्यांच्या प्रयोगांचा आधार नाही. लाजाळूत विजेच्या स्पंदाबरोबर रसायनेही निरोप नेतात, हे १९१६ मध्येच एका इटालियन शास्त्रज्ञाने दाखवले होते. पण झाडांच्या आत विद्युत संकेत धावतात, हा मूळ मुद्दा आज पक्का मानला जातो. अळीने एक पान कुरतडले की काही मिनिटांत दूरच्या पानापर्यंत कॅल्शियमची लाट पोचते, हे अलीकडे कॅमेऱ्याने टिपले गेले आहे.

विश्रांतीचा हिशेब

आज एखाद्या मोठ्या इमारतीत किंवा जंगलात शेकडो बिनतारी सेन्सर पेरलेले असतात. प्रत्येकाला एक लहान बॅटरी. मोजण्यापेक्षा निरोप पाठवण्यात ती अधिक खर्ची पडते. अंतर दुप्पट झाले तर निदान चौपट ऊर्जा लागते. म्हणून प्रत्येक सेन्सर आपला निरोप थेट मुख्य केंद्राला न पाठवता शेजाऱ्याकडे देतो, तो पुढच्याकडे. निरोपाने कोणत्या वाटेने जायचे, हे ठरवणे म्हणजे राउटिंग.

सोपे वाटते ते हे की सर्वांत जवळची वाट धरावी. पण मग त्या वाटेवरच्या सेन्सरांवर साऱ्यांचा भार पडतो. केंद्राजवळचे सेन्सर आधी मरतात आणि मागचे चांगले सेन्सर असूनही मुके होतात. रुग्णालयात एकाच परिचारिकेवर रोज रात्रपाळी टाकली तर काय होईल, तसेच. २००० साली अमेरिकेतल्या एमआयटीमधून पुढे आलेल्या लीच या पद्धतीत म्हणून गटाचे नायकपद पाळीपाळीने फिरते. गटातल्या बाकीच्यांनी आपले आकडे त्या वेळच्या नायकाकडे द्यायचे आणि उरलेला वेळ झोप घ्यायची. दुसऱ्या काही पद्धती ज्याच्या बॅटरीत जास्त शक्ती शिल्लक आहे त्याच्याकडून वाट काढतात, भले ती लांबची असो.

याबरोबर आणखी एक शिस्त लागते. कोणता सेन्सर कोणत्या मजल्यावर, कोणत्या खांबात, कधी बसवला आणि तो कोणत्या बनावटीचा, ही नोंद इमारतीच्या माहितीत नसेल, तर आलेला आकडा कुचकामी. रक्ताच्या नमुन्यावर नाव नसेल तर अहवाल कितीही अचूक असो, तो कोणाच्या केसपेपरला लावायचा?

ही यंत्रणा बनवणाऱ्यांनी ती बोस यांच्या आलेखावरून घेतली, असे नाही. बॅटरी संपणे आणि धातूचा ग्राहक मंदावणे या वेगळ्या गोष्टी आहेत. पण टिपणाऱ्यालाही मर्यादा असते, ती मोजायची असते आणि तिच्याप्रमाणे काम वाटायचे असते, हे त्यांनी १८९९ मध्ये नोंदवून ठेवले होते. त्यांच्या ५ मिलिमीटरच्या लहरीही आता वापरात आल्या आहेत. ६० गिगाहर्ट्झच्या आसपासचा तो पट्टा आज खोलीतल्या खोलीत वेगाने माहिती पाठवायला वापरतात. हवेतला प्राणवायू या लहरी शोषून घेतो, म्हणून त्या फार दूर जात नाहीत.

१९१५ मध्ये जगदीशचंद्र प्रेसिडेन्सी कॉलेजातून निवृत्त झाले. १९१७ मध्ये सर ही पदवी मिळाली. त्याच वर्षी ३० नोव्हेंबरला, आपल्या ५९ व्या वाढदिवशी, त्यांनी राहत्या घराशेजारी बोस इन्स्टिट्यूट सुरू केले. भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र आणि जीवशास्त्र या शाखांतल्या भिंती तिथे नसाव्यात, आणि तिथे लागलेल्या शोधांची पेटंट घेऊ नयेत, अशी त्यांची इच्छा होती. न्हाणीघराशेजारच्या जागेत काम केलेल्या माणसाने आपली कमाई पुढच्यांच्या प्रयोगशाळेत घातली. ही संस्था आजही काम करते आहे.

२३ नोव्हेंबर १९३७ रोजी, ७९ वा वाढदिवस आठवड्यावर आला असताना, सध्याच्या झारखंडमधल्या गिरिडीह इथे त्यांचे निधन झाले. त्यांची स्प्रिंगांची ग्राहके, कर्णे आणि क्रेस्कोग्राफ कोलकात्यातल्या त्या संस्थेत जपून ठेवलेले आहेत.